आईंच्या लहानपणचे पोप

अहो,

आईंना पेज भरवली आहे. त्यांच्यापाशी शेजारच्या उषाताई बसल्या आहेत. मी ऑटोने चर्चला जाते आहे, येताना फादरना घेऊन येईन. मरणाआधी फादर लावतात ते शेवटचं पवित्र तेल आईंना लावायचं आता आणखी लांबवता येणार नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पोपची गादी कधीची रिकामी आहे, आत्ताचे पोप खरे नाहीतच, आणि त्यांचं नाव मिस्सेच्या प्रार्थनेत घेणाऱ्या फादरचा हात आईंना लागायला नको. असेलही खरं. माझ्यात आता वाद घालायची ताकद नाही. घरात थांबवत नसेल तर टावर चौकात चहा घेऊन या, पण फादरना दारातून परत पाठवू नका.

रोझरीच्या जपाच्या शेवटी आई अजून त्यांच्या लहानपणच्या, कधीच वारलेल्या पोपसाठीच प्रार्थना करतात, म्हणून त्याही तुमच्याच मताच्या आहेत असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ते त्यांचं मत नाही हो, त्या विसरतात. काल त्यांनी तुम्हाला तुमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि तुम्ही ओ दिलीत.

रेजिना