सत्तर मिनिटांवरचा भाऊ

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी, भावजयीची आणि (विशेषतः) तुझ्या सवडीची तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे बाबा ठणठणीत आहेत. माझा गुडघा मात्र शिवणयंत्राचं पायडल मारून मारून कामातून गेलाय आणि तो बदलायला डॉक्टरांनी सोमवार दिलाय. पुढचे सहा आठवडे बाबांना कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न आहे. तो मी तुला फोनवर चार वेळा विचारला आणि चारही वेळा तू मला दोन विमानतळांमधलं अंतर सांगितलंस.

या अंतराचं मला भारी कौतुक वाटतं. बाबांना दवाखान्यात न्यायचं असलं की ते नऊशे किलोमीटर असतं. घराला रंग कुठला द्यायचा यावर मत द्यायचं असलं की तेच सत्तर मिनिटं होतं ("मी आहे ना ताई, विमानात बसलो की आलोच!"). म्हटलं, समोरासमोर बसून बोलावं. म्हणून गेल्या महिन्यात निघाले.

सकाळी सहाला घर सोडलं. विमानतळ गावाबाहेर, पोचायलाच दोन तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहायचं. का, ते विचारायचं नाही. तपासणीच्या बाईंनी माझी कापडाची कात्री काढून घेतली (वीस वर्षं सोबत होती, तुझ्याहून जास्त कामाची) आणि गुडघ्याचा पट्टा असा उलटसुलट पाहिला की मलाच माझा संशय यायला लागला. विमान सत्तर मिनिटांतच पोचलं, खोटं कशाला बोलू? फक्त खाली जागा नव्हती, म्हणून तुझ्या शहराभोवती अर्धा तास घिरट्या घातल्या. मग बस, मग सामान (माझी बॅग सगळ्यांत शेवटी, मानपान फार), मग टॅक्सीत अडीच तास. तीन जिने चढून वर आले तर दाराला कुलूप. दुपारचे तीन वाजले होते.

शेजारणीने पाणी दिलं आणि तुम्ही दोघं सहलीला गेल्याचं सांगितलं. तुला फोन केला तर म्हणालास, "अगं, कळवायचं तरी! बरं, परत जायला काय, तासाभराचा तर प्रश्न." मी जिन्यातच बसून रडले. शेजारणीने विचारलं, गुडघा फार दुखतोय का? मी हो म्हटलं.

असो. तू कामात असतोस. सोमवारची काळजी करू नकोस, मी बघते काहीतरी.

तुझी लांबची,
ताई

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते आत्ता तुझ्या हातात दिलं त्यांना आधी आत घे, बसव, पाणी दे. रविवारी तू घरी असतोस, हे शेजारणीकडून पक्कं करून घेतलंय. तिचा नवरा त्यांना आणायला विमानतळावर गेला होता, त्याचे आभार मान.

आणखी एक. बाबांनी चाळीस वर्षं लोकांची पत्रं घरोघर पोचवली, एकही उघडलं नाही. हेही उघडायचे नाहीत. त्यांना वाटतंय की तूच हट्टाने बोलावून घेतलंस. आठवडाभर भेटेल त्याला तेच सांगत होते. तेवढं तसंच राहू दे.