सदतिसावी मोटर

वसतिगृह, ५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पोचले. खोली तीच मिळाली आहे, खिडकीची कडी अजून तुटलेलीच. कॉलेज अठरा तारखेला सुरू होतं. दोन आठवडे आधी का निघालीस, असं आईने तीनदा विचारलं आणि मी तीनदा वाचनालयाचं कारण दिलं. ते खोटं होतं.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही हल्ली नुसतं हं हं करता आणि आईकडे देता. त्याचं कारणही मला आता कळलं आहे.

या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये तुमच्याबरोबर विजेच्या सदतीस मोटरी तपासल्या. पद्धत नेहमीचीच. मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. एकसारखी घूं आली तर ठीक, खरखर आली तर बेअरिंग गेलं. मागच्या वर्षी तुम्ही आधी ऐकायचात, मग मला द्यायचात. यंदा सदतीसच्या सदतीस वेळा आधी मला ऐकायला लावलंत, माझं उत्तर घेतलंत आणि मग स्वतः कान लावून बरोबर म्हणालात. मला वाटलं, शिकवताय. एकदाही चुकले नाही म्हणून मनातून खूशही होते. विसाव्या मोटरीनंतर शंका यायला लागली. इतकं अचूक कुणीच नसतं, तुम्ही मला मोजपट्टी म्हणत असलात तरी.

सदतिसावी लाँड्रीवाल्या बाईंच्या धुलाई मशीनची. तिची खरखर स्पष्ट होती. मी मुद्दाम चांगली आहे म्हणून सांगितलं. तुम्ही कान लावलात, मान डोलावलीत आणि झाकण घट्ट केलंत.

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. संध्याकाळी बाई येऊन मोटर घेऊन गेल्या, आता वर्षभर बघायला नको असं तुम्ही त्यांना सांगितलंत, आणि तुमच्याकडे बघवेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी निघाले.

ती मोटर आधी परत आणा. आणि ऐकू येणं कधीपासून कमी झालंय, ते खरं लिहा. मी बॅग अजून उघडलेली नाही. वर्कशॉपला माझे कान लागणार असतील तर परत येते. कॉलेज एक वर्ष थांबेल.

रागावला असाल, तरी लोभ ठेवावा.

आपली,
मोजपट्टी


घर, ८ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आधी तुझ्या आईच्या हाती पडलं, तेव्हा गुप्त असं काही उरलं नाही. चहा तसाच ठेवून लाँड्रीत गेलो. मशीन चालूच होतं. बाई म्हणाल्या, आणल्यापासून खरखरतंय, पण तुमच्याकडून आलंय म्हणजे ते तसंच असायचं, असं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेअरिंग तिथेच बदललं आणि दोष माझ्या कानांचा, हेही तिथेच सांगून टाकलं. तुझं नाव काढलं नाही.

दोन वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग फोन, मग बेअरिंग. तू नसतेस तेव्हा मोटरीवर तळहात ठेवून थरथरीवर भागवतो. तुला सांगितलं असतं तर तू बॅगच भरली नसतीस, म्हणून गप्प राहिलो.

बापाची अशी परीक्षा घेतात का, असं आईला म्हणालो. ती म्हणाली, पोरगी कुणावर गेलीय ते आरशात बघून या. मी शिकवायचं सोंग केलं, तू खोटं उत्तर दिलंस. फिट्टंफाट. एक मात्र लिहून ठेव, तुझी आधीची छत्तीस उत्तरं बरोबर होती. त्यातली एकही मोटर परत आलेली नाही.

कॉलेज सोडून येऊ नकोस. आलीस तरी दार उघडणार नाही, कारण कडी वाजलेली मला ऐकूच येणार नाही.

तुझा,
बहिरा बाप


वसतिगृह, ११ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फिट्टंफाट नाही. तुमचं सोंग माझ्यासाठी होतं, माझं खोटं फक्त माझ्या खात्रीसाठी होतं. त्यात बाईंची मोटर गेली असती. चुकले.

आता दुसरा प्रयोग. हा तुम्हाला सांगून करते आहे. बाईंचं काढलेलं बेअरिंग तुम्ही टाकलं नसणार, तुम्ही काहीच टाकत नाही. ते जुन्या मोटरीत बसवा. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावू नका, कानामागच्या हाडावर घट्ट दाबा. दोन्ही बाजूंना, वेगवेगळं. हाडातून त्याच बाजूच्या कानात खरखर आली तर दोष बहुधा कानाच्या पुढच्या भागात आहे, आणि तिथे इलाजाची आशा जास्त असते. नाही आली तर आतल्या नसेत असू शकतो. मी डॉक्टर नाही. काहीही आलं तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे.

उत्तर येईपर्यंत बॅग बंद राहील. जे येईल तेच लिहा.

लोभ आहे, हे धरून चालते.

मोजपट्टी


घर, १४ जून

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

आई साक्षीला बसली होती.

उजवीकडे आली. दोन वर्षांपूर्वी यायची तशी, स्वच्छ खरखर. इतकं वाईट वाजणारं बेअरिंग मी इतका वेळ कधी ऐकलं नव्हतं. शेवटी आईनेच बटण बंद केलं.

डावीकडे दाबलं तरी ती उजव्याच कानात आली, डाव्यात काहीच नाही. दोन्हीकडे आली, असं लिहायला घेतलं होतं. मग तो कागद फाडला.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. आई बरोबर येतेय, म्हणजे मला तिथे खोटं बोलायची सोय नाही.

दरम्यान अडतिसावी मोटर आली. ती मी एकट्याने ऐकली, उजव्या हाडावर. बेअरिंग गेलंय असं माझं मत झालं, म्हणून बदललं. काढलेलं या पाकिटात घातलंय. बोटांत धरून फिरवून बघ आणि माझं बरोबर की चूक, ते लिही. या वेळी खरं लिही.

आणि बॅग उघड.

तुझा,
बाप