चहा न पिणाऱ्या माणसाची साक्ष

आबा, काल तो घोडेवाल्यांचा पिक्चर मी पुन्हा पाहिला. या वेळी त्यातलं इंग्रजी मला कळत होतं, आणि तुम्ही आम्हाला किती थापा मारल्यात तेही कळलं. गोळीबार सुरू होण्याआधी जो न्हावी दुकानाचा पडदा ओढून घेतो, त्याला लेकबिक कोणी नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये त्याच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही दाढीच्या पाण्याबद्दल. तुमची आठवण आली असं लिहायला हवं. राग आला, म्हणून तोच लिहिते.

कोपरखैरण्याच्या आपल्या एका खोलीत रविवारी दुपारी केबलवर असला पिक्चर लागला की तुमची टोळी जमायची. कांदा-बटाटा मार्केटमधले सहा-सात माथाडी, सगळे साताऱ्याकडचे, आणि तुम्ही त्यांचे मुकादम. सुट्टीच्या दिवशीही कुणाच्या तरी खांद्याला गोणी ओढायचा लोखंडी आकडा असायचाच, आणि आईच्या नियमाने तो उंबऱ्याबाहेर राहायचा. दाराशी आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं, हाही तिचाच नियम. पाण्याचं काम माझं. इंग्रजीचा ओ की ठो कळत नसताना तुम्ही टीव्हीशेजारी उभे राहून गोष्ट सांगताय: "त्यो आला बगा. ह्याच्या भावाला मारलंय त्यांनी. अख्ख्या गावात एक मानूस बाजूनं उभा ऱ्हात न्हाई, पर ह्यो हटतोय व्हय?" दारं लावून बसणाऱ्या गावकऱ्यांना तुमच्या ठेवणीतल्या शिव्या. "बांगड्या भरा म्हनावं हातात." मी बांगड्या घालूनच समोर बसलेली असायचे, ते काही तुमच्या लक्षात यायचं नाही. पण मला तुम्ही पडद्यावरच्या त्या टोपीवाल्याहून मोठे वाटायचात.

मी सातवीत होते तेव्हा तुमच्या टोळीतल्या एका काकांनी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर ठरल्यापेक्षा जड गोण्या उचलायला नकार दिला. व्यापाऱ्याच्या माणसाने त्यांच्या खांद्यावर लोखंडी गज घातला. तुम्ही चार पावलांवर होतात. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही सगळं सांगितलंत, मारणाऱ्याच्या शर्टाच्या रंगासकट, अगदी पिक्चरची गोष्ट सांगावी तसं. "पाठीवर गोनी हुती, न्हाईतर तितंच आडवा केला आसता. परवा चौकीत बोलवलंय. समदं सांगतो. आपल्या मानसाला मारलंय."

काकांची मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसायची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला सांगितलं, "माझ्या आबांनी बघितलंय. ते सगळं सांगणारेत." तिने डब्यातला शेंगदाण्याचा लाडू अख्खा मला दिला. तिच्या घरी त्या आठवड्यात लाडू कुठून आला असेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आणि चौकीत तुम्ही सांगितलंत, "मी तवा चहाला गेलतो."

चहाला, आबा? माझ्या जन्माच्या वेळी आई अडली होती, तेव्हा तुम्ही गावच्या देवीपुढे चहा सोडलात. मार्केटमध्ये हे सगळ्यांना ठाऊक. टपरीवाला न विचारता तुमच्यापुढे नुसता पाण्याचा ग्लास ठेवायचा. खोटं बोलायचंच होतं, तर निदान पचेल असं तरी बोलायचं. मैत्रिणीने माझ्या शेजारचं दप्तर उचललं. "तुझे आबा चहा पीतच नाहीत," एवढंच म्हणाली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. काकांचा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. वर्ष संपायच्या आत ते बिऱ्हाड गावाला गेलं.

चौकीतून आल्यावर दुसऱ्या सकाळी तुम्ही आईकडे चहा मागितलात. तिने तुमच्याकडे बघितलं आणि आधण ठेवलं. तेव्हापासून दिवसातून दोनदा, मरेपर्यंत. काढा प्यावा तसं तोंड करून प्यायचात. कप मीच आणून द्यायचे, आणि दर वेळी मनात म्हणायचे, घ्या, चहाला गेला होतात ना. एकदा मी ते मोठ्याने म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवलात. थोड्या वेळाने पुन्हा उचललात. तुम्ही माझ्या थोबाडीत मारली असतीत तर मला बरं वाटलं असतं.

चौकीनंतरच्या रविवारी टोळीतले दोघंच आले. त्या दिवशी हाच पिक्चर होता. न्हाव्याने पडदा ओढला, आणि मी तुमच्या शिवीची वाट बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "त्याला बोलू नगा. त्याच्या घरात शाळंला जानारी लेक हाय." मी उठून बाहेर गेले. पुन्हा कधी तुमच्याबरोबर पिक्चरला बसले नाही. तुमच्या दहाव्याला काका गावाहून आले, डाव्या हाताने फूल वाहिलं आणि तसेच परत गेले.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मुलाला सांगितली. पडद्यावरच्या गावाला शिव्या देणारा आणि ऐन वेळी शेपूट घालणारा माणूस. चहापाशी आले की दोघंही हसतात. मीही हसते.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून उरलेलं लिहून टाकते. तुम्ही चौकीत गेलात त्याच्या आदल्या दिवशी, मी नुकतीच शाळेतून आले होते, दाराशी दोन अनोळखी माणसं आली. आई नळावर होती. मी सवयीप्रमाणे दोघांना पाणी दिलं. एकाने कौतुकाने विचारलं, "हुशार दिसतेस, कुठल्या शाळेत जातेस?" मी शाळा सांगितली, तुकडी सांगितली, सुटायची वेळसुद्धा सांगितली. जेवताना हे तुमच्या कानावर घातलं तेव्हा तुमचा घास हातातच राहिला. ती कुणाची माणसं, ते मला तेव्हाच कळलं होतं, आबा. गोष्ट सांगताना ते दोघं मी नेहमी गाळते. आज वर लिहितानाही गाळलेच होते.