शेवटचे दोन तुकडे

भोकरदन, मंगळवार, दिवेलागण

आज आपल्या नेट कॅफेत दत्ताला स्टुलानं मारलं. सख्ख्या धाकट्या भावाला, गिऱ्हाइकांदेखत. ओठ फाटला, रक्त कीबोर्डवर सांडलं.

सकाळी मीच म्हणलं, ती बियाण्याची फसवी साइट आपल्या कॉम्प्युटरांवर बंद कर. त्यानं बंदीच्या यादीत तिच्या पत्त्याचे फक्त शेवटचे दोन तुकडे टाकले, को डॉट इन. ते कुणा एकाचं नाव न्हाई, हजारो साइटींचं सामाईक शेपूट. एका चोरासाठी अख्ख्या तालुक्याचा रस्ता खणला! नर्सिंगच्या फॉर्मची साइटही त्यातच गेली. आम्ही सर्व्हर डाऊन समजून बसलो. पाचला मुदत सरली, तीन पोरी रडत गेल्या. एकीच्या बापानं माझी कॉलर धरली, मी दत्ताची.

"दादा, तूच शिकवल्तं ना!" तो ओरडून राह्यल्ता. मी हाणतच राह्यलो, तो सुटून निघून जाईस्तोवर. एवढा राग कुठून आला?

आत्ता कीबोर्डवरचं रक्त पुसताना वर पाहिलं. भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद: 'साइटचं नाव म्हणजे शेवटचे दोन तुकडे.' डॉट कॉमवाल्या साइटी तेवढ्या पाहून लिहिलेला; तिथं शेवटच्या दोन तुकड्यांत खरंच नाव येतं, को डॉट इनला तिसरा तुकडा लागतो.

फाडला न्हाई. उद्या दत्तालाच फाडू दे, माझ्यासमोर.

आला तर.