आईचा डावा गाल

ओंकार,

आईला घेऊन म्हापशाला हॉस्पिटलात जाते आहे. दत्तारामची रिक्षा दारात उभी आहे, म्हणून घाईत लिहिते.

सकाळी वाळपईहून परत आले तर तिच्या खोलीच्या दाराशीच वास आला. तोंडावरून वारं गेल्यापासून तिचा जो डावा डोळा मिटत नव्हता, तो आज सुजेनं मिटला आहे. तोंडात बोट घातलं तर गालातून चहात बुडवून दिलेल्या पावाचा कुजलेला गोळा निघाला. हिरडीतून पू येतो आहे. त्या बाजूचा गाल हलत नाही, घास तिथंच अडकतो, म्हणून प्रत्येक जेवणानंतर बोटानं काढायचा, हे मी जाताना तुला करून दाखवलं होतं.

रोज फोनवर विचारत होते. आईच सांगायची, "धुता गो तो." आज पुन्हा विचारलं तर म्हणाली, "तेका किळस येता. तेका काय बोलू नको."

म्हणून बोलत नाही.

साखर चारशेवर गेली आहे. ती उतरल्याशिवाय दाढ काढता येणार नाही, असं दातांच्या डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं. पू जबड्याच्या हाडात उतरला असेल तर काय, हे विचारलं तेव्हा "आधी हॉस्पिटलात आणा" एवढंच म्हणाली.

गॅसवर पेज आहे, ती खा. फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात घालून आण. तिचा मऊ ब्रशही आण.

आजपासून आईचं तोंड तू धुणार आहेस. येताना नखं कापून ये.

ताई