एक्केचाळीस नंबरचा शिक्का

जर्सी सिटी,
१२ फेब्रुवारी १९८९

प्रिय शैले,

हो म्हण. सरळ हो म्हणून मोकळी हो. परवा फोनवर तू विचारलंस, काकू, ही नोकरी घेऊ का नको, आणि मी काय सांगत बसले, तर मेथी फ्रीझरमध्ये कशी ठेवायची ते. आणि तू पण इतकी गुणाची, की लिहून घेत होतीस. फोन ठेवला आणि माझा मलाच राग आला. त्या लोकांना पुढच्या सोमवारपर्यंत तुझं उत्तर हवंय, म्हणून हे पत्र उद्या सकाळीच टाकते. सातवी पास बाईचं अक्षर आहे, हसायचं काम नाही.

तू म्हणालीस, तिकडे टेक्सासात फ्रिस्कोला घरामागे कुंपण आणि कुंपणामागे गाई. विनय तासभर गाडी चालवून कामाला जातो, लेक शाळेत, आणि तू दिवसभर गाईंकडे बघतेस नि गाई तुझ्याकडे. मी म्हटलं, विचारून बघ, एखादी सोलापूरकडची निघेल. तू हसली नाहीस. आधी माझ्या याहून रद्दी विनोदाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचीस. डॅलसकडच्या कारखान्यात काम आपलंच आहे, भिंगाखाली सर्किटचा बोर्ड धरायचा, त्यावरचे सोल्डरचे टाके बघायचे. आणि तू म्हणतेस, काकू, माझा माझ्या डोळ्यांवरचा भरवसा गेला, परत चुकले तर? नवा चष्मा केला, तरी सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारतेस म्हणालीस. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

इकडची बातमी आधी सांगते. कंपनी बंद होतेय, मार्चअखेर. शुक्रवारी सगळ्यांना कॅफेटेरियात बोलावलं. टेबलावर डोनट मांडलेले. ते बघितले तेव्हाच मी ओळखलं, दोन वर्षांत इथे फुकट कधी चहा मिळाला नाही. मोठ्या साहेबाने भिंतीवर नकाशा लावला. युरोपातल्या तेरा देशांनी म्हणे ठरवलंय, सैन्याचं सामान होईल तेवढं एकमेकांकडूनच घ्यायचं. आजवर प्रत्येकाचा रणगाडा वेगळा, प्रत्येकाचा रेडिओ वेगळा. आता सगळ्यांचा मिळून एकच बाजार, टेंडर सगळ्यांना खुलं. म्हणजे हॉलंडला जाणारे आपले रेडिओचे बोर्ड आता तिकडेच कुठेतरी होणार.

मला नीट कळेना, म्हणून आमच्या प्रसन्नला फोन लावला. वेस्ट विंडसरला बसून असल्याच विषयांवर रिसर्च करतो, आईला एवढं सांगायला काय जातंय? अर्धा तास सांगत होता, त्यातली पंचवीस मिनिटं इंग्रजीत. मी म्हटलं थांब, आता मी सांगते. तेरा जावा, तेरा चुली. लाकडं सगळ्यांची जळतात आणि पोळी कोणाचीच धड नाही. मग ठरतं, एक चूल करू. पण प्रत्येकीची अट, पीठ माझं तर लाटायला माझीच मुलगी बसणार. वर आणि रांधलेलं घराबाहेर कोणाला द्यायचं, त्यावरून वेगळीच कटकट. एक म्हणते, शेजाऱ्याला देऊ, भला माणूस आहे. दुसरी म्हणते, तो माझ्या मुळावर उठलाय, खबरदार घास दिलास तर. पोरगा हसून म्हणाला, आई, दॅट्स ॲक्चुअली करेक्ट. मी विचारलं, मग यात आपण कोण रे? मग मीच सांगितलं, आपण म्हणजे रोजाने पोळ्या लाटायला येणारी बाई. तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

साहेब बोलत होता, माणसं रडत होती, आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. म्हटलं, युरोपमुळे झालं. त्या एका खराब ट्रेमुळे नाही.

तो ट्रे तू विसरली नसशीलच. हॉलंडमध्ये थंडीत रेडिओ तपासायला घेतले आणि काही मुकेच राहिले. उघडून बघितले तर आत कच्चे टाके. बोर्ड परत आले, प्रत्येकावर तपासून पास केल्याचा लाल शिक्का, एक्केचाळीस. तुझा नंबर. आपली सुपरवायझर मिसेस कोवाल्स्की, जिच्यात कोवळं काही नव्हतं म्हणून आपण तिला कोवळी म्हणायचो, तिने तुला सगळ्यांसमोर विचारलं, हे तू बघून पास केलेस का? तू बोर्ड हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, शिक्का माझा आहे, म्हणजे मीच केले असणार, दिसलं नसेल मला. तुला त्याच दिवशी काढलं. शुक्रवारी मीटिंग संपल्यावर मी कोवळीला विचारलं, त्या ट्रेचा याच्याशी काही संबंध नाही ना? ती म्हणाली, काम जायचं ते गेलंच असतं, पण हॉलंडवाले प्रत्येक मीटिंगला त्या ट्रेचा विषय काढायचे. माझं हायसं वाटणं तिथेच संपलं.

शैले, हे गेले तेव्हा मला इथल्या बसचं तिकीटसुद्धा काढता येत नव्हतं. तू मला कामाला लावलंस. टाका कसा बघायचा ते शिकवलंस, चांगला टाका सोनाराच्या टाक्यासारखा चकचकीत, कच्चा तो मळकट. त्या वर्षी टिकली लावणाऱ्या बायकांना इथली टवाळ पोरं दगड मारत होती, तेव्हा तू बसमध्ये चढायच्या आधी टिकली काढून पर्सच्या आरशावर चिकटवायचीस आणि कंपनीच्या दारात परत लावायचीस. मी म्हणायचे, माझं बरं आहे बाई, मला काढायला काही उरलंच नाही. तू रागवायचीस, काकू, असं बोलू नका म्हणून. माझ्यासाठी इथे एवढं रागावणारं दुसरं कोणी नव्हतं.

एप्रिलपासून मी प्रसन्नकडे राहायला जातेय. वरची खोली देणार आहेत. सूनबाई वाईट नाही, पण तिच्या पांढऱ्या कार्पेटवर पाय ठेवताना मला माझेच पाय मळके वाटतात. तिथे जावं लागू नये म्हणून मी ही नोकरी दोन वर्षं दातांत धरून ठेवली. कशी धरली, ते आता सांगते. हे पत्र विनयला दाखव, तिकडच्या साहेबाला वाचून दाखव, कोवळीला पाठव, माझी काही हरकत नाही.

तुझ्या लेकीच्या शाळेतून फोन आला होता, ताप भरलाय, न्यायला या. तू पर्स उचलून धावलीस. आपला शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही हा नियम, पण तू माझ्या हातात दिलास. म्हणालीस, काकू, एवढा जमा करा, हा ट्रे राहिलाय, सकाळी बघते. चोवीस बोर्ड होते. मला गंमत सुचली. म्हटलं, सकाळी येईल तर ट्रे पूर्ण, मी सांगेन भुताने केला, मग बसू हसत, आणि नंतर नीट बघून घेईल. सकाळी आले तर ट्रे पॅक होऊन गेलेला. लेक आजारी म्हणून तू तीन दिवस आली नाहीस, आलीस तेव्हा तुझ्या डोक्यात तो ट्रे नव्हता. मी आठवण करून दिली नाही. कोवळीने तुला विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंगात बघत राहिले. शैले, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते बोर्ड तू बघितलेच नव्हतेस, कोणीच बघितले नव्हते. शिक्का मी मारला.

तुझीच असं लिहायला हात होत नाही,
पद्मिनी