डिकीतला काळा रंग

आप्पा, गेल्या रविवारी तुमची गाडी निपाणीला नेऊन आणली. मीच चालवली. तुम्ही तिथं मला वखारीच्या आवारात शिकवलं होतं, तेवढ्यावरच.

तुमच्यानंतर गाडी घरामागं पत्र्याखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तुमच्या जावयांनी ती टेंपोत घालून इथं बेळगावात, खासबागला आणली. फौंड्रीतून रिटायर झाल्यावर त्यांना हाताला काम पाहिजे होतं, आणि इथं जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे, त्यात त्यांची ओळख निघाली. कोण डॉक्टर, कोण बिल्डर, कोण मास्तर, रविवार आला की एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. आपल्या गाडीचं इंग्रजी पुस्तक त्यातल्या एकानं झेरॉक्स करून दिलं. सातवीत शाळा सुटली तरी माझा वाचायचा नाद सुटला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी डिक्शनरी घेऊन स्टुलावर बसायची आणि एकेक ओळ मराठीत सांगायची. हे गाडीखालून "हं, पुढं" म्हणायचे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही सगळ्यात जास्त बोललो ते त्या दिवसांत.

मग रंग खरवडायची वेळ आली. तुमच्या काळ्याखालून हिरवा निघाला. क्लबाचा नियम असा की गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी करायची, मधे कुणी काही केलं असेल ते काढून टाकायचं. ह्यांनी विचारलं, आप्पांनी काळा का दिला असेल? मला ते चांगलं आठवतं. सावकारांनी नवी गाडी घेतली आहे आणि ही तुम्हाला, त्यांच्या ड्रायव्हरला, देऊन टाकली आहे. तुम्ही ती पहिल्यांदा दारात आणता, आणि मी चुलीपाशी आईला ओरडून सांगते, "सावकारांची गाडी आली." तुम्ही खाली उतरत नाही. खिडकीतूनच म्हणता, "पुन्यांदा म्हण. आप्पांची गाडी आली म्हण." चेहऱ्यावर हसू नाही. मी म्हणते, तेव्हा कुठं तुम्ही दार उघडता. पण गावाला असं म्हणायला लावता येत नव्हतं. बाजारात हिरवी गाडी दिसली की लोक सवयीनं हात जोडायचे आणि आत तुम्ही दिसलात की हात खाली घ्यायचे. शेवटी तुम्ही ब्रश आणून अंगणात स्वतःच गाडी काळी केलीत, आणि लग्नाच्या वराती घ्यायला लागलात.

हे सगळं ऐकून ह्यांनी बरेच दिवस रंगाचं काम तसंच ठेवलं. मग हिरवा दिला, कारण त्याशिवाय क्लबात गाडी पुरी झाली असं कुणी म्हटलं नसतं. पण डिकीच्या आत हात लावला नाही. तिथं तुमचा काळा रंग तसाच आहे, ब्रशचे फराटे दिसतात, एक केसही चिकटून राहिलाय. क्लबाच्या स्पर्धेत त्याचे गुण कापले. हे म्हणाले, "कापू देत. सासऱ्यांचा हात हाय त्यो."

हे गेल्यापासून गाडी बाहेर काढली नव्हती. यंदा क्लबाची फेरी बेळगाव ते निपाणी ठरली आणि सेक्रेटरी घरी आले. त्यांना वाटत होतं, त्यांनी चालवावी आणि मी मागं बसावं. मी चालवते म्हटल्यावर ते हो म्हणाले. माणूस चांगला आहे. प्रत्येक गाडीपुढं तिचा इतिहास लिहिलेला बोर्ड असतो, आपला त्यांनी स्वतः करवून आणला होता. त्यावर सावकारांचं नाव होतं, ह्यांचं होतं. मी विचारलं, मधली वर्षं गाडी माझ्या वडिलांची होती, ते कुठं आहे? ते म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरचं नाव बोर्डावर कुणी घालतं काय?" त्यात टोचायचा हेतू नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मला एवढंच पाहिजे होतं की निपाणीत एकानं तरी तिला तुमची गाडी म्हणावं.

तवंदीचा घाट दुसऱ्या गिअरवर काढला. मागं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते, देऊ देत. निपाणीत शाळेच्या मैदानावर गाड्या लावल्या. पोरंटोरं फोटो काढायला लागली. एक म्हातारा काठी टेकत सरळ आपल्या गाडीपाशी आला आणि त्यानं बॉनेटला हात जोडले.

"सावकारांची न्हवं ही?"

"न्हाय मामा. माझ्या आप्पांची."

कोण तुझं आप्पा, म्हणाला. मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "त्येची काळी होती की गं. माझी वरात तिच्यातनंच आलती. ही न्हवं ती."

मी डिकी उघडली. तो वाकला, आत हात घातला, अंगठ्यानं रंग चाचपला. मग तिथंच बंपरवर बसला आणि बोलायला लागला. नवरी रडायची थांबल्याशिवाय तुम्ही गाडी चालू करत नव्हता म्हणे. वऱ्हाडी वैतागायचे, वाजंत्री थांबून राहायचे, तुम्ही बिडी ओढत बाजूला उभे. "आमची तर लई येळ रडली. म्या म्हटलं, काढा की आता गाडी. तर मलाच म्हणतोय, तुला घर सोडून जायाचं हाय काय रं?" त्याची बायको अजून हे सांगून त्याला टोमणे मारते. जाताना त्यानं दारावर थाप मारली आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, "आप्पा ड्रायव्हरची गाडी हाय."

मला हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नात तुम्हीच गाडी चालवली होती, आणि निघायला एवढा उशीर का होतोय म्हणून मी पदराआडून तुमच्याकडं बघत होते.

परत आल्यावर मी सेक्रेटरींना सांगितलं की बोर्ड बदला, आणि गाडीही पुन्हा काळी करणार आहे. बोर्डाला ते तयार झाले. रंगाचं ऐकून म्हणाले, मग स्पर्धेतून जाईल. जाऊ दे म्हटलं. काल पेंटर आला, हिरव्यावर हात फिरवत गाडीभोवती फिरला, कधी सुरू करू म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

हे पत्र घालायला पेटी नाही, म्हणून लिहून टाकते. ह्यांच्या कष्टासाठी पेंटर परत पाठवला असं मी पोरांना सांगितलंय. तेही खरंच आहे. पण आप्पा, तुम्ही रागावू नका, मला ती हिरवीच जास्त आवडते.